कोरलचा सूर्य दुपारी एकला उगवतो

आपल्याकडे दिवा निवडणं हा विचार करण्याचा विषय कधीच नव्हता. हॉलमध्ये ट्यूब, स्वयंपाकघरात साठचा बल्ब, न्हाणीघरात चाळीसचा आणि निजायच्या खोलीत झिरोचा, एवढ्यावर संसार झाले, मुलं दहावी पास झाली. त्यातला झिरोचा बल्ब खरं म्हणजे बारा-पंधरा वॅट खायचा. पण जुन्या मीटरची चकती तेवढ्या किरकोळ भाराला दाद देत नसे, म्हणून बिलाच्या हिशेबात तो झिरो. हे मला ठाऊक आहे, कारण माझी सगळी नोकरी वीज मंडळात गेली. आणि ती तिथे गेल्यामुळे, जगात जे जे काही उजळतं त्याचा मी तज्ज्ञ आहे असं आमच्या नातेवाइकांनी परस्पर ठरवून टाकलं आहे. गणपतीच्या तोरणातला मधलाच बल्ब का लुकलुकत नाही इथपासून देवघरात लाल दिवा चालेल का इथपर्यंत सगळे खटले माझ्यासमोर चालतात. माझं टेबल बिलाच्या तक्रारींचं होतं, हे कोणी विचारात घेत नाही.

त्यामुळे आमचे साडू सतीशराव यांनी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि मुलुंडच्या फ्लॅटमध्ये समुद्र आणायचं ठरवलं, तेव्हा त्या समुद्रावर सूर्य कोणता लावायचा हा प्रश्न आपोआप माझ्याकडे आला.

समुद्र म्हणजे दीड फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच अशी काचेची पेटी. पाणी साधारण 95 लिटर. लिटरला 35 ग्रॅम मीठ, म्हणजे एका भरणीला तीन किलोच्या वर, आणि तेही वाण्याकडचं नाही, परदेशातून बादलीत बंद होऊन येणारं. मुलुंडच्या पूर्वेला खाडी आहे, खारी आहे, फुकट आहे. पण ती घरात आणायची नसते, असं सतीशरावांनी मला समजावलं. ते मूळचे मालवणचे. त्यांच्या घरात मासा बाजारातून आला की फार तर तासभर नुसता बघितला जातो. तो वर्षानुवर्षं नुसताच बघायचा, ही कल्पना शैलाला, म्हणजे माझ्या मेहुणीला, पचायला जड गेली. पण मासे हा मुख्य मुद्दा नव्हताच. मुख्य मुद्दा कोरल.

"नाना, ही झाडं नाहीत. प्राणी आहेत."

"मग हलत का नाहीत?"

"हलायची गरज पडत नाही. त्यांना घरबसल्या मिळतं."

हे मात्र खरं आहे. कोरलच्या अंगात पेशीपेशींत सूक्ष्म शैवाल राहतं. ते उजेडावर साखर तयार करतं आणि त्यातला मोठा हिस्सा भाडं म्हणून घरमालकाला देतं. अनेक कोरलांची ऊर्जेची नव्वद टक्क्यांपर्यंत गरज ह्या भाडेकरूवर भागते. 1928-29 साली ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर गेलेल्या यंग नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञाच्या तुकडीने कोरल अंधाऱ्या पेटीत ठेवून काय होतं ते पाहिलं होतं. अंधारात भाडेकरू घर सोडून जातो. म्हणजे इतर दिव्यांचं काम दाखवणं, ह्या दिव्याचं काम खाऊ घालणं. सतीशराव बँकेत असताना दिवा बदलायला कधी खुर्चीवरून उठल्याचं ऐकिवात नाही, पण ह्या विषयावर त्यांनी वही घातली.

गंमत म्हणजे त्यांच्या उजव्या हाताच्या अनामिकेत मंगळासाठी पोवळं आहे. अंगठीतलं लाल पोवळं ज्या भूमध्य समुद्रातल्या कोरलपासून येतं, त्याच्या अंगात शैवाल नसतं. ते अंधाऱ्या कपारीत सुखाने वाढतं, त्याला दिवा लागत नाही. मी हे त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "तो मंगळाचा विभाग वेगळा."

आता मालवणचा माणूस म्हटल्यावर कोणालाही वाटेल, गावाकडून एखादा तुकडा आणला असेल. तर नाही. मालवणच्या समुद्रात कोरल आहे, पण 2001 पासून दगडी कोरल वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीला. हात लावायचा नाही. आपल्या मुंबईतही आहे. 2020 साली कोस्टल रोडच्या वेळी हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरच्या वसाहती रीतसर परवानगी काढून दुसरीकडे हलवाव्या लागल्या होत्या. त्या गढूळ पाण्यात, भरती-ओहोटीत, प्लॅस्टिकच्या पिशव्यांच्या शेजारी त्या जगत होत्या आणि त्यांना कोणी दिवा लावून दिला नव्हता. सतीशरावांनी आणली ती बाहेरून आलेली मऊ मंडळी: झोआ, म्हणजे बटणाएवढ्या फुलांचे गुच्छ दिसणारे, आणि मश्रूम, म्हणजे दगडाला चिकटलेल्या गुबगुबीत चकत्या. त्यांची पावती त्यांनी फाइलला लावली आहे. बँकेतला माणूस आहे.

मी पहिला सल्ला दिला तो खिडकीचा. "पेटी खिडकीत ठेवा. ऊन आहे, बिल नाही."

सतीशरावांनी वही उघडली. असं करणारा एक माणूस खरोखरच होऊन गेला होता. इंडोनेशियात जकार्त्याचा ली चिन एंग. 1961 साली त्याने लिहून जाहीर केलं, की आपण जिवंत खडक, हवेचे बुडबुडे आणि ऊन एवढ्यावर घरी कोरल सांभाळतो. म्हणजे ह्या छंदाच्या मूळपुरुषाकडे दिव्याचं दुकान नव्हतं. मी खूश झालो. पण पुढच्या पानावर आक्षेप तयार होते. कोरलला पाणी 25 ते 27 अंशांचं लागतं. मे महिन्यात मुलुंडची पश्चिमेची खिडकी त्याची तासाभरात सार करील. शिवाय ऊन पावसाळ्यात चार महिने रजेवर. शिवाय शैलाने त्या खिडकीत पापड वाळवायचे ठरवले होते, आणि ह्या तीन कारणांत सगळ्यात वजनदार कोणतं हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

म्हणून आम्ही दुकानात गेलो.

माशांच्या दुकानात शिरलं की पहिली गोष्ट लक्षात येते ती ही, की तिथे माशांपेक्षा दिवे जास्त आहेत. दुसरी गोष्ट, प्रत्येक दिव्याच्या खोक्यावर वेगळं माप आहे आणि प्रत्येक माप दुसऱ्याशी बोलत नाही. एकावर वॅट. एकावर ल्युमेन. एकावर केल्विन. एकावर नुसतं 'रीफ', पण तिरप्या अक्षरांत.

वॅट हे माझं खातं. पूर्वी ह्या छंदात गॅलनला अमुक वॅट असा ठोकताळा होता. तीन-चार-पाच, ज्याची जशी ऐपत. ट्यूबच्या जमान्यात तो कसाबसा चालला. पण वॅट म्हणजे दिव्याने किती वीज खाल्ली, त्याने काय दिलं ते नव्हे. किती गॅस जळला यावरून आमटी कशी झाली हे सांगता येत नाही. हे मी दुकानदाराला सांगितलं. तो तिशीतला, गळ्यात दोन चष्मे अडकवलेला मुलगा होता. एक पांढरा, एक नारिंगी. तो म्हणाला, "काका, तुम्ही लाइनमधले दिसता," आणि सरळ सतीशरावांकडे वळला.

केल्विनचा प्रकार आणखी मजेशीर. ते तापमानाचं माप. पिवळा बल्ब 2,700, भरदुपारचं ऊन 5,500 ते 6,500, आणि कोरलचे दिवे 14,000 नाहीतर 20,000. सूर्याचा पृष्ठभाग साधारण 5,800 केल्विनचा असतो. म्हणजे मुलुंडच्या पेटीसाठी आम्हाला सूर्याच्या साडेतीनपट तापलेला दिवा दाखवला जात होता, आणि तो दिसायला बर्फासारखा निळा होता. आकडा जितका चढा तितका उजेड थंड दिसतो. ज्याने हे माप काढलं त्या लॉर्ड केल्विनला पुढे ते मुलुंडला वापरलं जाईल याची कल्पना नसणार.

दुकानदाराने तीन पिढ्या दाखवल्या. कोपऱ्यात धूळ खात पडलेला मेटल हॅलाइड. हा स्टेडियमवरच्या दिव्यांचा भाऊबंद. 150 किंवा 250 वॅटचा, आणि त्याच्याखाली पाण्यावर उन्हाची जाळी हलते ती अजूनही दुसऱ्या कशाला साधलेली नाही, असं जुने लोक शपथेवर सांगतात. पण तो पाणी तापवतो. मग ते थंड करायला चिलर. 250 वॅटचा दिवा आणि त्याचा बॅलास्ट मिळून नऊ तासांत अडीच युनिट, महिन्याला पंचाहत्तर, आणि चिलरचे वेगळे. दिव्याने तापवायचं, यंत्राने निववायचं, दोन्हीचे पैसे आपण भरायचे. माझ्या जुन्या खात्याच्या दृष्टीने हा आदर्श ग्राहक.

मग टी-फाइव्ह ट्यूब. इथे माझा ऊर भरून आला. ट्यूबच्या टी पुढचा आकडा म्हणजे तिची जाडी, इंचाच्या आठव्या हिश्श्यात. आपली जुनी जाडजूड चाळीस वॅटची ट्यूब टी-ट्वेल्व्ह, दीड इंचाची. नंतरची छत्तीस वॅटची टी-एट, एक इंचाची. टी-फाइव्ह त्याहून शिडशिडीत. तिचा उजेड सगळीकडे सारखा पसरतो, सावल्या पडत नाहीत, कोणत्याही कोपऱ्यावर अन्याय नाही. मी सतीशरावांना म्हटलं, हीच घ्या. दुकानदार म्हणाला, "घ्या ना. दर वर्षी बदलायच्या. चालू दिसतात, पण रंग उतरतो." पेटत असलेली ट्यूब काढून टाकायची, ह्या विचाराने माझ्या पिढीचा माणूस आजारी पडतो. आमच्याकडे ट्यूबच्या दोन्ही टोकांना काळं पडून ती भुतासारखी फडफडायला लागली तरी स्टार्टर फिरवून सहा महिने काढतात.

राहिला एलईडी. आणि इथे खरा खेळ सुरू झाला.

दुकानदाराने मोठा दिवा बंद केला, दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि एका टाकीवर निळा एलईडी लावला. क्षणापूर्वी ज्या टाकीत आम्ही मळकट तपकिरी गुंडाळ्या पाहिल्या होत्या, तिथे पोपटी, केशरी, गुलाबी अशी आग लागली. एकेक झोआ आतून पेटल्यागत. सतीशरावांच्या तोंडून "अरे बापरे" निघालं, आणि ते ऐकल्यावर भाव करण्यात काही अर्थ उरला नाही.

"देखो सर, कैसा पॉप करता है!" दुकानदार म्हणाला. भावनेच्या भरात मुंबईचा दुकानदार हिंदीत जातो.

ही जादू नाही. कोरलच्या अंगात अशी प्रथिनं असतात जी निळा उजेड गिळतात आणि हिरवा नाहीतर तांबडा बाहेर टाकतात. असलं पहिलं हिरवं प्रथिन ओसामू शिमोमुरा ह्या जपानी शास्त्रज्ञाला एका जेलीफिशमध्ये सापडलं, ते 1962 साली जाहीर झालं, आणि 2008 साली त्याबद्दल त्याला आणि दोघा अमेरिकनांना मिळून रसायनशास्त्राचं नोबेल दिलं गेलं. 1999 साली रशियन संशोधकांनी त्याचा लाल भाऊ शोधला तो डिस्कोसोमा नावाच्या मश्रूम कोरलमध्ये. सतीशरावांनी घेतलेल्या गुबगुबीत चकत्या त्याच गोतावळ्यातल्या. तो निळा एलईडी तर सगळ्यात अवघड. लाल झाला, हिरवा झाला, निळा काही केल्या होईना. अखेर तो जपानमध्ये झाला. त्यातला एक मानकरी शुजी नाकामुरा. तोकुशिमातल्या एका कंपनीत नोकरीला होता. ह्या शोधाबद्दल कंपनीने त्याला 20,000 येन बक्षीस दिलं, म्हणजे साधारण दिवाळी बोनसातही न बसणारी रक्कम. त्याने दावा लावला. 2004 साली टोकियोच्या न्यायालयाने 20 अब्ज येन द्यायला सांगितले, पुढच्या वर्षी अपिलात सुमारे 84 कोटींवर तडजोड झाली, आणि 2014 साली त्याला आणखी दोघांबरोबर भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. सतीशरावांना ह्या गोष्टीतला फक्त बोनसचा भाग पाठ आहे. बँकेतल्या प्रत्येक जुन्या सहकाऱ्याला ते तो सांगतात.

तर दोन नोबेल पारितोषिकं एका दीड फुटी पेटीवर एकत्र आली होती आणि शटर अर्धं बंद होतं. अशा वेळी माणूस शहाण्यासारखं वागेल अशी अपेक्षा करू नये. पण मी वीज मंडळातला. मी विचारलं, "हे चमकणं कोरलच्या काय कामाचं?"

मुलगा क्षणभर थांबला. मग प्रामाणिकपणे म्हणाला, "कोरलच्या नाही काका. आपल्या."

त्याचं उत्तर थोडं अपुरं होतं. शैवालालाही निळा उजेड लागतोच. समुद्रात लाल रंग पहिल्या काही मीटरांतच विरतो आणि खोलवर पोचतो तो निळाच, तेव्हा ही मंडळी त्यावर जगायला शिकलेली आहेत. पण ह्या दुकानात, त्या शटरमागे, निवड चालली होती ती सतीशरावांच्या डोळ्यांची. कोरलला मत देण्याचा अधिकार नव्हता.

मग मी विचारलं, निळा किती हवा? तर सगळाच निळा ठेवला की पोपटी झकास दिसतो, पण मासा काळा दिसतो. केशरी क्लाउनफिश, तोच तो निमो, निळ्याखाली शाळेच्या फळ्यासारखा. पांढरा वाढवला की मासा खुलतो आणि कोरल पुन्हा तपकिरी. म्हणून दिव्यात दोन्ही. दोन्हींचे वेगळे दट्टे. शिवाय जांभळा, शिवाय लाल, शिवाय 'मूनलाइट'. आणि निळ्यात फोटो काढला की मोबाइल वेडा होतो आणि सगळं एकच निळं फासतो, म्हणून मोबाइलच्या भिंगावर लावायची नारिंगी काच वेगळी घ्यायची. आणि डोळ्यांवर घालायचा नारिंगी चष्मा, तोही. म्हणजे आधी निळ्याला मोठी रक्कम मोजायची आणि मग निळा दिसू नये म्हणून आणखी थोडी. दुकानदाराच्या गळ्यातल्या दुसऱ्या चष्म्याचा उलगडा मला इथे झाला.

दिवे साडेआठ हजारांपासून पन्नास हजारांच्या पुढे होते. सतीशरावांनी मधला घेतला नाही. बँकेत आयुष्यभर दुसऱ्यांना मधला हप्ता सुचवलेला माणूस स्वतःवर वेळ आली की वरचा घेतो. नव्वद वॅटचा. "नाना, रोज नऊ तास लावला तरी महिन्याला चोवीस युनिट," त्यांनी मलाच हिशेब सांगितला, आणि तो बरोबर होता. दीड फुटी पेटीला एवढा मोठा कशाला, ह्यावर दुकानदाराकडे उत्तर तयार होतं: फ्यूचर प्रूफ. पुढेमागे दगडी कोरल घेतलं तर? दगडी कोरलला आंतरराष्ट्रीय साइट्स कराराचे कागद लागतात, हे ह्याच दुकानातल्या भिंतीवर लिहिलेलं होतं. तरी दिवा मात्र कागदांची वाट न पाहता आला.

तो लावला त्या संध्याकाळी शैलाचा फोन आला. "भाऊजी, हा डान्स बार रोज किती वाजेपर्यंत चालणार?"

मी गेलो. हॉल निळा होता. सोफा, भिंतीवरचे सासरे, टीपॉयवरची चिवड्याची बशी, सगळं निळं. शैलाची पांढरी साडी लखलखत होती आणि दात त्याहून. सतीशराव नारिंगी चष्मा लावून पेटीसमोर स्टुलावर बसले होते. त्यांनी फोनवर लक्समीटरचं ॲप लावून काचेपाशी धरलं होतं आणि चेहरा पडलेला होता. आकडा अगदीच किरकोळ येत होता. "फसवलं हो आपल्याला!"

फसवलं नव्हतं. लक्स हे माणसाच्या डोळ्याचं माप आहे. आपला डोळा हिरव्याला, 555 नॅनोमीटरच्या आसपास, सगळ्यात जास्त किंमत देतो. 450 नॅनोमीटरच्या निळ्याला त्याच्या चार टक्केही देत नाही. तेव्हा जो दिवा कोरलला पोटभर घालतो तो लक्समध्ये उपाशी दिसतो. ह्या कामाला पार नावाचं वेगळं माप आहे. 400 ते 700 नॅनोमीटरमधला, शैवालाच्या उपयोगाचा उजेड एका चौरस मीटरवर सेकंदाला किती पडला, त्याचं. त्यात डोळ्याला विचारत नाहीत. भर दुपारचं उघडं ऊन म्हणजे सुमारे 2,000. दगडी फांदीदार कोरलला 200-350 दिले तर बहुतेक हौशी समाधानी असतात. झोआ आणि मश्रूम पन्नास ते शंभरात खूश.

पारमीटर मात्र ह्या दिव्याहून महाग. तो सतीशरावांनी एका हौशी गृहस्थाकडून उसना आणला. तो गृहस्थही बरोबर आला, मीटर एकटा पाठवत नाही म्हणाला. लांब दांडीच्या टोकाला बसवलेलं ते बटण पाण्यात इकडे तिकडे फिरवून त्याने आकडे घेतले, आणि सतीशरावांनी ते वहीत रकाने आखून उतरवले. पूर्ण दिव्याखाली दगडाच्या माथ्यावर चारशेच्या वर. वाळूवर मधोमध दोनशेच्या आसपास. कोपऱ्यात साठ. आमच्या मंडळींना लागत होते पन्नास. म्हणजे पेटीतली एकच जागा त्यांना मानवणारी होती, ती दिव्यापासून सगळ्यात लांबची.

"दिवा कमी करा," गृहस्थ म्हणाला. "तीस टक्क्यांवर ठेवा. आणि एकदम नको, वीसपासून चढवा, आठवड्याआठवड्याने. एकदम जास्त उजेड मिळाला की शैवाल हाकलून देतात, पांढरी पडतात."

"आणि कमी पडला तर?"

"तपकिरी होतात. जास्त शैवाल साठवतात."

"आता तपकिरीच आहेत."

"ते दुकानातल्या दिव्यामुळे."

सतीशरावांनी जड हाताने दट्टा खाली आणला. वरचा हप्ता भरून तीस टक्के वापरायचे, हे त्यांच्या चेहऱ्यावर वाचता येत होतं. त्यात पहिल्या पंधरवड्यात टाकीच्या काचेवर तपकिरी थर चढला, मग वाळूवर हिरवे केस उगवले. नव्या टाकीत हे होतंच. पण उजेड जितका उरलेला तितकं ह्या केसांचं फावतं. समुद्रात हे केस खाणारे पुष्कळ असतात. मुलुंडच्या समुद्रात ते काम जुना टूथब्रश घेऊन शैला करायची.

एव्हाना सोसायटीत निळा उजेड गाजू लागला होता. रस्त्यावरून तिसऱ्या मजल्यावर जांभळट झाक दिसायची. एक दिवस सेक्रेटरी सहज म्हणून आले. त्यांनी पेपरात वाचलं होतं की लोक फ्लॅटमध्ये असले दिवे लावून गांजा पिकवतात. ते बूट न काढता दारातूनच वाकून बघत होते. सतीशरावांनी आनंदाने आत घेतलं आणि एकेकाची ओळख करून दिली. व्यापारात ह्या झोआंना झकास नावं आहेत. "हा ईगल आय. हा न्यूक्लिअर ग्रीन. हा अटर केऑस. आणि हा रास्ता." सेक्रेटरींनी चारही नावं मोबाइलमध्ये टिपून घेतली. त्यातल्या शेवटच्या नावाचा जमैकाशी आणि पर्यायाने गांजाशी काय संबंध आहे, हे सतीशरावांच्या मुलाने पुण्याहून फोनवर समजावून सांगेपर्यंत उशीर झाला होता.

त्याच मुलाने दिव्याचं ॲप लावून दिलं. आता ह्या दिव्याला सकाळ आहे, दुपार आहे, संध्याकाळ आहे, सगळं हळूहळू चढतं आणि उतरतं. फक्त सकाळ दुपारी एकला होते. सतीशराव सकाळी चालायला जातात, मग बाजार, मग पेपर, मग जेवण. त्यांना टाकी बघायला वेळ मिळतो तो संध्याकाळी. म्हणून कोरलचा सूर्य एकला उगवून रात्री दहाला मावळतो. मंडळींनी तक्रार केलेली नाही. नऊ तास उजेड मिळाल्याशी मतलब. दहानंतर कोणी पाहुणा आला तर मात्र पंचाईत. झोआ फुलं मिटून बसतात. सतीशराव हळूच ॲप उघडून मध्यरात्री भर दुपार करतात, आणि शैला आतून ओरडते, "झोपू द्या हो त्यांना!"

त्या ॲपमध्ये चंद्रही आहे, कलेकलेने वाढणारा. हा नुसता शोभेचा नाही: ग्रेट बॅरिअर रीफवर वर्षातून एकदा, वसंतातल्या पौर्णिमेनंतरच्या काही रात्रींत, कित्येक जातींची कोरलं एकाच वेळी अंडी सोडतात, हे 1980 च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवून दिलं. मुलुंडच्या मश्रूमना एवढी महत्त्वाकांक्षा नाही. पण त्या ॲपमध्ये 'वादळ' पण आहे. ते दाबलं की ढग येतात, उजेड काळवंडतो आणि विजा चमकतात. एका जुलैत, बाहेर रेल्वे बंद, गुडघाभर पाणी, आकाश फाटलेलं, आणि सतीशराव नातवाला मांडीवर घेऊन टाकीत वादळ दाखवत होते. तेवढ्यात इमारतीची वीज गेली. बाहेरच्या वादळाने आतलं वादळ बंद केलं. त्या वेळी सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

दोन-तीन महिन्यांनी झोआ रंगले. निळ्या-पांढऱ्याचं प्रमाण शैला आणि सतीशराव यांच्यात वाटाघाटीने ठरलं: दिवसा मासा दिसेल इतका पांढरा, रात्री आठनंतर निळा, आणि एकादशीला पाहुणे असले तर पूर्ण पांढरा. दिव्याच्या काचेवर उडालेल्या पाण्याचं मीठ साठतं, ते दर रविवारी पुसायचं. न पुसलं तर निम्मा उजेड मिठातच अडकतो. हे काम सतीशराव स्वतः करतात. घरातल्या इतर कुठल्याही दिव्याला त्यांनी आजवर फडका लावलेला नाही. हॉलमधली ट्यूब महिन्याभरापासून फडफडते आहे.

आणि मश्रूम? दगडाच्या माथ्यावर, बरोबर मधोमध, नारिंगी चष्म्यातून सगळ्यात चांगला दिसेल असा सतीशरावांनी बसवलेला लाल मश्रूम एका सकाळी जागेवर नव्हता. मश्रूमला जागा पसंत नसली की तो दगड सोडतो आणि प्रवाहाबरोबर जाऊन दुसरीकडे चिकटतो. शोधाशोध झाली. तो निघाला मागच्या कोपऱ्यात, दगडाच्या सावलीत, काचेला लागून, जिथे दिव्याचा उजेड जेमतेम पोचतो. आणि तिथे तो चांगला पसरला होता, दुप्पट झाला होता, शेजारी दोन पिल्लंही होती.

सतीशरावांनी त्याला हळूच उचलून परत माथ्यावर ठेवलं. तो परत गेला.

आता टाकीतला सगळ्यात देखणा प्राणी बघायचा तर पाहुण्याला भिंतीला गाल लावून मागच्या फटीतून बघावं लागतं, आणि मोबाइलचा टॉर्च मारावा लागतो. पांढऱ्या टॉर्चमध्ये तो काही चमकत नाही. परवा सतीशरावांचा फोन आला, की नाना, चांगली टॉर्च कुठली घ्यावी. निळी हवी. 450 नॅनोमीटरची.